छोट्या व्यवसायाचा ब्लॉग सुरू करणे आणि वाढवणे: पुण्यातील व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठांमधील जुने दुकानदार, उपनगरांतील लघुउद्योजक, घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या महिला, क्लासचालक आणि दुरुस्तीची कामे करणारे कारागीर यांच्याकडून ब्लॉगविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तांत्रिक बाबी गरजेपुरत्याच घेतल्या आहेत, कारण बहुतेक ब्लॉग चार-पाच लेखांनंतर थांबतात ते काय लिहावे हे न सुचल्यामुळे.

आमचे इन्स्टाग्राम खाते आहे, व्हॉट्सॲपवर ग्राहकांचे ग्रुप आहेत. मग वेगळा ब्लॉग कशासाठी?

पहिले कारण मालकीचे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि त्यावर जमवलेला प्रेक्षकवर्ग अनेक छोट्या विक्रेत्यांच्या हातून एका रात्रीत गेला. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे गूगलच्या नकाशावरील दुकानाच्या नोंदणीतून, फुकट तयार होणाऱ्या छोट्या वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, तेव्हा ज्यांनी कार्डांवर आणि बिलांवर तोच पत्ता छापला होता त्यांना सगळी छपाई बदलावी लागली. स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर असलेला ब्लॉग मात्र, वार्षिक शुल्क भरले जात असेल तोपर्यंत, तुमचाच राहतो.

दुसरे कारण शोधाचे. इन्स्टाग्रामवरील पोस्ट दोन-चार दिवसांत खाली जाते, आणि व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट संदेश ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मिळतो. ज्याला तुमचे नावही ठाऊक नाही, पण ज्याची अडचण तुम्ही सोडवू शकता, असा माणूस आपला प्रश्न गूगलवर लिहितो, आणि त्याच्यापर्यंत जाण्याचा मार्ग म्हणजे त्या प्रश्नाचे नीट लिहिलेले उत्तर.

अर्थात ब्लॉग सर्वांनाच सारखा उपयोगी पडत नाही. केक, साड्या, दागिने यांसारख्या, पाहताक्षणी आवडणाऱ्या किंवा न आवडणाऱ्या वस्तू विकणाऱ्याकडे आठवड्यातून एकच मोकळा तास असेल, तर तो इन्स्टाग्रामला द्यावा, असे आमचे मत आहे. ज्या व्यवसायात ग्राहक खरेदीपूर्वी विचार करतो, चार ठिकाणी चौकशी करतो, घाबरतो किंवा गोंधळतो, तेथे ब्लॉगची खरी कमाई आहे.

आधी गूगलच्या नकाशावर नोंदणी करावी की ब्लॉग?

नकाशावरील नोंदणी. ती विनामूल्य आहे, आणि वेळ, सुट्टीचा वार, फोन नंबर व दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो एवढे बरोबर भरले, तरी बरेच काम होते. ब्लॉग त्यानंतर.

आमचे दुकान तीन पिढ्यांचे आहे आणि गिऱ्हाईक ओळखीचे आहे. आम्हाला याची काय गरज?

ओळखीचे गिऱ्हाईक जिथे राहत होते तिथे आता राहते का, हे एकदा पाहावे. सदाशिव आणि नारायण पेठेतील कित्येक कुटुंबे कोथरूड, सिंहगड रस्ता, बाणेर या भागांत गेली आहेत, आणि वाकड, हिंजवडी, खराडी येथे राहणाऱ्या नव्या पुणेकराला रविवार पेठेत काय मिळते याची कल्पना नसते. त्याला कोणी सांगितलेलेही नसते की पितळी भांड्यांसाठी कोठे जावे, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांखेरीज काय मिळते, किंवा लक्ष्मी रस्त्यावर गाडी घेऊन जाण्यापेक्षा बसने जाणे का बरे. हा माणूस प्रथम मोबाइलवर शोधतो, तेथे जे सापडेल त्यावर विश्वास ठेवतो आणि मगच घराबाहेर पडतो.

नेमके कशावर लिहावे?

गल्ल्यावर ग्राहक जे विचारतात त्यावर. हे उत्तर इतके साधे आहे की ते बहुतेकांना पटत नाही, आणि मग ब्लॉगवर दुकानाचा वर्धापनदिन, संक्रांतीच्या शुभेच्छा आणि 'आमची परंपरा' अशा मजकुराची भर पडत राहते. तो मजकूर वाचण्यासाठी कोणीही गूगल उघडत नाही.

गल्ल्याजवळ एक साधी वही ठेवावी. दुकानात, फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेला प्रश्न ग्राहकाने ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांत त्या वहीत उतरवावा. महिनाभरात वही पाहिली की काही प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. लेखांची यादी तीच.

उदाहरणादाखल तांब्या-पितळेची भांडी विकणाऱ्या आणि कल्हई करून देणाऱ्या दुकानाचा विचार करू. कसबा पेठेतील तांबट आळीमुळे हा व्यवसाय पुण्याला नवा नाही, पण ही भांडी हौसेने घेणाऱ्या आजच्या तरुण जोडप्याला ती वापरायची कशी हे शिकवणारे घरात कोणी नसते. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: पितळेच्या पातेल्यात आमटी करता येते का? कल्हई उडाली हे कसे ओळखावे? पाणी पिण्याच्या तांब्यालाही कल्हई लागते का? भांडे गॅसवर ठेवून विसरलो आणि आत चंदेरी गोळे झाले, हे काय?

शेवटचाच प्रश्न घ्या. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कारागीर भांडे तापवतो, नवसागर टाकतो, त्यावर कथील फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून सर्वत्र पसरवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. भांड्यात पाणी, दूध किंवा आमटी असेल तोवर तापमान तेथपर्यंत जात नाही. रिकामे भांडे मोठ्या आचेवर राहिले तर मात्र थर वितळून त्याचे गोळे होतात. म्हणून कल्हईच्या भांड्यात कोरडे भाजू नये, फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून घालावी आणि भांडे तारेच्या घासणीने घासू नये. थर जाऊन आतला पिवळा किंवा तांबूस धातू दिसू लागला की ताक, चिंच, आमसूल यांसारखे आंबट पदार्थ त्यात कळकतात, तेव्हा भांडे पुन्हा कल्हईला द्यावे. पिण्याच्या पाण्याच्या तांब्याला कल्हई करत नाहीत.

एवढ्या मजकुराबरोबर थर वितळलेल्या भांड्याचा आणि त्याच भांड्याचा कल्हईनंतरचा असे दोन फोटो जोडले, की लेख तयार. तो लिहिण्यासाठी साहित्यिक असण्याची गरज नाही. जे रोज तोंडाने सांगितले जाते तेच कागदावर उतरते. ज्याचे भांडे आज बिघडले आहे त्याला हा लेख सापडला, तर तो ते भांडे कोणाकडे घेऊन येईल हे सांगायला नको.

आमचा व्यवसाय इतका रंजक नाही. आम्ही पाणी शुद्धीकरणाची यंत्रे दुरुस्त करतो. त्यावर काय लिहिणार?

कंटाळवाण्या वाटणाऱ्या व्यवसायांचेच ब्लॉग अधिक चालतात, कारण तेथे प्रश्न खरे असतात आणि उत्तर देणारे थोडे. शहराच्या ज्या भागांत खडकवासल्याचे पाणी नियमित येते तेथील आणि टँकरवर किंवा बोअरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांमधील पाण्यात मोठा फरक असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, विरघळलेल्या क्षारांची, म्हणजेच टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. ज्याच्या नळाला १०० टीडीएसचे पाणी आहे त्याला आरओ यंत्राची गरज नाही, हे लिहिणारा दुरुस्तीवाला एक विक्री गमावतो. पण ज्याला खरोखर गरज आहे तो ग्राहक याच माणसाला फोन करतो. आपल्या परिसरातील कोणत्या सोसायट्यांमध्ये मेम्ब्रेन, म्हणजे आरओ यंत्रातील पाणी गाळणारा पडदा, किती महिने टिकते, याची माहिती वर्षानुवर्षे घरोघरी जाणाऱ्या कारागिराजवळ असते आणि कोणत्याही मोठ्या कंपनीच्या वेबसाइटवर ती नसते. सोसायटीचे नाव न घेता केवळ भागाचे नाव देऊन ती लिहावी.

सगळेच लिहून टाकले तर गिऱ्हाईक आमच्याकडे का येईल? शिवाय शेजारचा दुकानदार उचलेल, त्याचे काय?

स्वतः करून पाहणारा ग्राहक आधीही तुमच्याकडे येणार नव्हता. बाकीचे लोक लेख वाचतात, हे काम आपल्याच्याने होणार नाही हे ओळखतात आणि ज्याने इतके मोकळेपणाने सांगितले त्याला बोलावतात. मसाल्याचे नेमके प्रमाण, माल कोठून येतो, कोणत्या दराने येतो, या गोष्टी अर्थातच लिहू नयेत. शेजाऱ्याने मजकूर जसाच्या तसा उचलला, तर कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लेखनाचा हक्क तुमचा आहे आणि गूगलकडेही तक्रार नोंदवता येते. बहुतेक वेळा मात्र एका फोनने काम भागते.

किमती लिहाव्यात का?

लिहाव्यात, निदान पल्ला तरी लिहावा. 'किमतीसाठी संपर्क साधा' या ओळीपाशी अर्धे लोक परत फिरतात, असा आमचा समज आहे. स्वतः ग्राहक म्हणून आपण काय करतो ते आठवले तरी पुरे. किंमत कशावर अवलंबून असते हे समजावून सांगणारा लेख हा व्यवसायाच्या ब्लॉगवरील सर्वांत उपयोगी लेखांपैकी एक असतो. घराच्या रंगकामाला चौरस फुटामागे दर का बदलतो, जुना रंग खरवडण्याचे वेगळे पैसे का पडतात, पावसाळ्यात बाहेरचे काम का घेत नाही, हे एकदा नीट लिहिले, की फोनवरची घासाघीसही कमी होते. लेखात किमतीचा महिना आणि वर्ष अवश्य द्यावे.

मराठीत लिहावे की इंग्रजीत?

ग्राहक ज्या भाषेत प्रश्न विचारतो त्या भाषेत. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात होती. तरीही अनेक व्यवसायांविषयी मराठीत एकही धड लेख सापडत नाही, आणि त्यामुळे मराठीत वर येणे तुलनेने सोपे आहे. दुसरीकडे, खराडीतील ज्या ग्राहकाला तुमची सेवा हवी आहे तो कदाचित मराठी वाचतही नसेल. ज्यांचे ग्राहक मिश्र आहेत त्यांनी महत्त्वाचे पाच-सहा लेख दोन्ही भाषांत स्वतंत्र पानांवर ठेवावेत. एकाच पानावर एक परिच्छेद मराठीत आणि एक इंग्रजीत, अशी खिचडी करू नये.

येथे एक व्यवहार लक्षात ठेवण्यासारखा आहे. अनेक मराठी माणसे मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात, आणि बोलून शोधणाऱ्यांचीही संख्या मोठी आहे. 'कल्हई' हा शब्द रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिला जातो. गूगल बऱ्याचदा त्यामागचा मूळ शब्द ओळखते, परंतु फोटोच्या फाइलचे नाव आणि लेखाचा वेब-पत्ता रोमन अक्षरांत, सुटसुटीत ठेवला तर मदतच होते. वेब-पत्ता रोमन ठेवण्याचे आणखी एक कारण आहे: देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली लांबच लांब ओळ उमटते आणि ती पाहून ज्येष्ठ मंडळी लिंक उघडायला धजत नाहीत.

यंत्राने केलेला अनुवाद न तपासता टाकू नये. मराठी वाचकाला तो पहिल्या दोन ओळींत कळतो आणि त्याचबरोबर दुकानाविषयीचा विश्वासही जातो.

आमची जुनी पत्रके श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. तो मजकूर ब्लॉगवर टाकला की भलतीच अक्षरे दिसतात.

जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षराची आकृती इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेली असते, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मूळ इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच दिसतात. वेबसाठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जाणाऱ्या पद्धतीत, असावा लागतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी परिवर्तक साधने उपलब्ध आहेत, पण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांत चुका राहतात, म्हणून नंतर एकदा डोळ्यांखालून घालणे आवश्यक आहे. नव्याने टाइप करताना मोबाइलवरील मराठी कीबोर्ड किंवा बोलून टाइप करण्याची सोय पुरेशी आहे. वाचण्यासाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉन्ट चांगले. ब्लॉगच्या सेटिंगमध्ये भाषा 'मराठी' निवडावी. काही फॉन्टमध्ये ती निवडल्याशिवाय ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात.

वर्डप्रेस घ्यावे की ब्लॉगर? खर्च किती येतो?

ब्लॉगर हे १९९९ मध्ये सुरू झालेले आणि २००३ पासून गूगलकडे असलेले व्यासपीठ आहे. ते फुकट आहे, त्याला स्वतःचे डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब-पत्ता, जोडता येते आणि देखभाल जवळपास नसते; पण त्यात नवे फारसे काही होत नाही. २००३ मध्येच सुरू झालेले वर्डप्रेस मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे वेबसाइट ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेवर, चढवले तर वाटेल तसे वाढवता येते, मात्र अद्ययावत ठेवले नाही तर हॅक होण्याचा धोका असतो. ज्याला केवळ लिहायचे आहे त्याने ब्लॉगरपासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही, अट एकच: डोमेन पहिल्या दिवसापासून स्वतःचे असावे. म्हणजे पुढे वर्डप्रेसवर गेल्यावरही दुकानाचा पत्ता तोच राहतो.

'डॉट इन' डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्च येतो. साध्या होस्टिंगला काही हजार रुपये पडतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून भुलू नये. नूतनीकरणाचा दर किती आहे ते आधी विचारावे. २०१४ पासून 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेनही मिळते. ते पाटीवर छान दिसते, पण टाइप करताना लोकांची अडचण होते, म्हणून ते दुसरे डोमेन म्हणून ठेवावे.

वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतले आहे. त्याने काय बिघडते?

तो फोन उचलतो तोपर्यंत काहीच नाही. हा प्रकार पुण्यात आणि इतरत्रही इतका सर्रास चालतो की त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ओळखीतला एखादा मुलगा दहा-पंधरा हजारांत वेबसाइट करून देतो. सोय म्हणून स्वतःच्याच ईमेलने डोमेन आणि होस्टिंग घेतो. दोन वर्षांनी तो बंगळुरूला नोकरीला जातो. नूतनीकरणाचे स्मरणपत्र त्याच्या ईमेलवर येते आणि वेबसाइट एका सकाळी बंद पडलेली दिसते. मुदत उलटल्यानंतर काही काळ जादा शुल्क भरून डोमेन परत मिळवता येते, पण ती विनंती ज्याच्या खात्यात डोमेन आहे त्यालाच करावी लागते.

म्हणून डोमेनचे खाते दुकानाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइल नंबरवर असावे, बिल व्यवसायाच्या नावाचे असावे, आणि वेबसाइट करणाऱ्याला केवळ कामापुरता प्रवेश द्यावा. आज डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असेल, तर संबंध चांगले आहेत तोवरच, गोडीत, ते आपल्या खात्यात वर्ग करून घ्यावे. गूगल बिझनेस प्रोफाइल आणि सर्च कन्सोल (शोधातील कामगिरी दाखवणारे गूगलचे साधन) यांच्या मालकीलाही हेच लागू आहे.

लेख किती मोठा असावा आणि किती वेळा लिहावा?

प्रश्नाचे उत्तर संपेल तेथे लेख संपवावा. गूगलने शब्दसंख्येची कोणतीही अट घातलेली नाही. महिन्याला दोन चांगले लेख वर्षभर येत राहिले तर ते पुष्कळ झाले. पहिल्या पंधरवड्यात दहा लेख आणि मग वर्षभर सामसूम, याचा उपयोग होत नाही.

फोटो कोठून आणावेत?

स्वतःच्या मोबाइलमधून. गूगलवर दिसलेला फोटो फुकट वापरता येतो हा गैरसमज आहे. त्यालाही कॉपीराइट असतो. शिवाय परदेशी स्वयंपाकघराच्या गुळगुळीत छायाचित्रापेक्षा तुमच्या कार्यशाळेतील, मागे ऐरण दिसणारा, थोडा कमी उजेडातला फोटो जास्त बोलतो. फक्त तो थेट चढवू नये: मोबाइलमधील फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो दोनशे केबीच्या आत आणावा, नाहीतर पान उघडेपर्यंत वाचक निघून जातो. ग्राहकाचा चेहरा, घर किंवा गाडीचा क्रमांक दिसत असेल तर त्याची लेखी परवानगी घ्यावी. व्हॉट्सॲपवर 'हो, चालेल' असा संदेश आला तरी तो जपून ठेवावा.

सणांच्या हंगामातील लेख केव्हा लिहावेत?

सणाच्या दोन-तीन महिने आधी. ज्या दिवशी लेख प्रसिद्ध होतो त्याच दिवशी तो शोधात दिसतो असे नाही, आणि पुण्यातला ग्राहकही हंगामाच्या पुढे चालतो. गणपतीच्या मूर्तींचे बुकिंग आषाढ-श्रावणातच सुरू होते, म्हणून शाडूच्या मूर्तीची निवड, रंग आणि घरच्या घरी विसर्जन यांविषयीचा लेख ज्येष्ठात तयार असावा. परदेशातील मुलांना दिवाळीचा फराळ पाठवणारे आईवडील नवरात्राच्या आधीच चौकशी करू लागतात: चकली पोचेपर्यंत मऊ पडेल का, अनारसे टिकतील का, कोणत्या देशात तुपाचे पदार्थ अडवतात. लग्नाच्या केटररने आणि मंगल कार्यालयाने तुळशीच्या लग्नाची वाट पाहत बसू नये.

हे लेख दरवर्षी नव्याने लिहायचे नसतात. वेब-पत्त्यात वर्ष घालू नये. तोच लेख, त्याच पत्त्यावर, नव्या तारखा आणि दर घालून पुढे चालवावा. पाच वर्षे जुना आणि दरवर्षी दुरुस्त होणारा लेख नव्या लेखापेक्षा सहसा वर राहतो.

परिणाम दिसायला किती काळ लागतो? एकजण तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर आणतो म्हणतो.

त्याला नम्रपणे नकार द्यावा. क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच स्पष्ट केलेले आहे. सुधारणा करून त्यांचा लाभ दिसू लागायला चार महिने ते एक वर्ष लागू शकते, असा अंदाजही गूगलच्याच मार्गदर्शनात आढळतो. पैसे देऊन शेकडो वेबसाइटवर आपले दुवे (लिंक) टाकून घेणे हा गूगलच्या नियमांचा भंग आहे आणि त्याची शिक्षा दुकानाच्या वेबसाइटला होते, दुवे विकणाऱ्याला होत नाही.

गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन पहिल्याच दिवशी जोडावे. कोणते शब्द लिहिल्यावर तुमचे पान दिसले, किती वेळा दिसले आणि किती जणांनी ते उघडले, हे त्यात कळते आणि मागील १६ महिन्यांची माहिती राहते. आरंभी वाचकसंख्येकडे पाहू नये, शब्दांकडे पाहावे. लेख पितळी पातेल्यावर लिहिला आणि लोक 'कल्हईचा दर' शोधत त्यावर येत आहेत असे दिसले, तर पुढचा लेख कशावर लिहायचा ते ठरले.

ब्लॉग लोकांपर्यंत पोचवायचा कसा?

सर्वांत चांगला मार्ग दुकानातच असतो. व्हॉट्सॲपवर कोणी प्रश्न विचारला, की एका ओळीत उत्तर देऊन सोबत लेखाची लिंक पाठवावी. बिलाच्या मागे किंवा वस्तूच्या पिशवीत, ती वस्तू कशी सांभाळावी या लेखाचा क्यूआर कोड द्यावा. तो ग्राहक घरी गेल्यावर उघडतो आणि जावेला किंवा शेजारणीलाही पाठवतो. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात टाकली तर लोक चिडतात, पण कोणी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लेख दिला तर आभार मानतात. परस्परपूरक व्यवसायांनी एकमेकांचे लेख जोडावेत: भांडीवाल्याने मसालेवाल्याचा, फर्निचरवाल्याने पेस्ट कंट्रोलवाल्याचा.

लेख एआयकडून लिहून घेतले तर चालते का?

शुद्धलेखन तपासायला, बोललेल्या मजकुराची वाक्ये नीट करायला, मथळे सुचवायला त्याचा उपयोग करण्यात गैर काही नाही. एआयने लिहिले म्हणून गूगल लेख नाकारत नाही. मात्र केवळ शोधात वर येण्यासाठी ढिगाने काढलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध मार्च २०२४ पासून त्याचे धोरण अधिक कडक आहे. खरी अडचण वेगळी आहे. यंत्राला सर्वांना ठाऊक असलेले ठाऊक असते. तुमच्या भागातील पाण्याने मेम्ब्रेन किती दिवसांत जाते, हे त्याला माहीत नाही. आणि 'आपल्या स्वयंपाकघराला द्या एक नवा आयाम' यासारखे वाक्य दुकानाच्या तोंडी शोभत नाही.

लिहायला वेळच नाही. बाहेरून लिहून घ्यावे का?

घ्यावे, पण माहिती तुमची हवी. दुकान बंद केल्यावर एखादा प्रश्न घेऊन मोबाइलवर दहा मिनिटे बोलावे, जसे गिऱ्हाइकाशी बोलता तसेच. ते रेकॉर्डिंग घरातील लिहिता येणाऱ्या व्यक्तीकडे किंवा लेखकाकडे द्यावे. बोलण्यातले शब्द बदलू नयेत अशी त्यांना ताकीद द्यावी. 'मठारकाम' (हातोडीने ठोकून भांडे घडवण्याचे काम) या शब्दाच्या जागी 'हस्तकलेची उत्कृष्ट कारागिरी' आले, तर लेख परत पाठवावा.

लिहिताना कायद्याची कोणती बंधने लक्षात ठेवावीत?

व्यवसायाच्या ब्लॉगवरील दावा हा जाहिरातीतील दाव्यासारखाच मानला जाऊ शकतो. तांब्याच्या भांड्यातील पाण्याने मधुमेह बरा होतो, असे वाक्य पुष्कळ विक्रेते बिनदिक्कत लिहितात. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ नुसार औषध किंवा चमत्कारी उपाय म्हणून ज्या आजारांविषयी असे दावे करण्यास मनाई आहे त्यांत मधुमेह येतो. खाद्यपदार्थांविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसारही कारवाई होऊ शकते. पैसे किंवा वस्तू देऊन कोणाकडून कौतुक लिहून घेतले असेल तर तसे स्पष्ट नमूद करावे. ग्राहकांची नावे आणि फोन नंबर गोळा करत असाल, तर ते कशासाठी घेत आहात हे सांगून संमती घ्यावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा छोट्या दुकानालाही पूर्णपणे वगळत नाही.

ब्लॉगवर गूगलच्या जाहिराती लावून पैसे मिळतील का?

ॲडसेन्सला, म्हणजे गूगलच्या या जाहिरातसेवेला, मराठी चालते, त्यामुळे लावता येतील. पण त्यातून महिन्याला चहापाण्याचा खर्च निघेल आणि तुमच्याच लेखाशेजारी तुमच्या प्रतिस्पर्ध्याची जाहिरात झळकेल. लावू नयेत.

जुन्या लेखांचे काय करावे?

वर्षातून एकदा, शक्यतो पितृपंधरवड्यात, जेव्हा बऱ्याच धंद्यांत गर्दी कमी असते, सर्व लेख उघडून पाहावेत. बदललेले दर, बंद झालेला लँडलाइन नंबर, आता बनत नसलेले मॉडेल, मेट्रो सुरू झाल्यामुळे बदललेला दुकानाकडे येण्याचा मार्ग, हे सर्व दुरुस्त करून वर 'शेवटची दुरुस्ती' असा दिनांक टाकावा. एकाच प्रश्नावर दोन लेख झाले असतील तर चांगल्या लेखात दुसऱ्याचा मजकूर मिळवावा आणि जुना पत्ता नव्याकडे वळवावा. ज्या लेखाकडे वर्षभर कोणी फिरकले नाही तो लगेच काढून टाकू नये. आधी त्याचा मथळा गल्ल्याजवळच्या वहीतील प्रश्नाशी ताडून पाहावा, कारण पुष्कळदा मजकूर योग्य असतो, मथळा मात्र दुकानदाराच्या भाषेत असतो.